तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि मुलांना घाई

प्रश्न : माझं वय ७३. डोंबिवली पूर्वेला १९८६ साली बांधलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. लिफ्ट नाही. शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले, ४१ हजार रुपये पेन्शन आहे. दोन वर्षांपूर्वी हे गेले, तेव्हापासून एकटी आहे. स्वयंपाक, बँक, औषधं माझं मीच बघते. जुलैत बाथरूममध्ये पाय घसरला. हाड मोडलं नाही, पण मुलं घाबरली. मुलगा पुण्यात बाणेरला आहे, तो म्हणतो आमच्याकडे ये. मुलगी कॅनडात आहे, तिने पुण्याजवळच्या एका ‘सीनियर लिव्हिंग’ची माहिती पाठवली : ३० लाख डिपॉझिट आणि महिन्याला जेवणासह ४२ हजार. त्यासाठी हा फ्लॅट विकावा लागेल. मुलगा म्हणतो, विकतेस कशाला, माझ्या नावावर बक्षीसपत्र कर, तुझं सगळं मी बघतो. नणंद विचारते, वृद्धाश्रमात जाणार का? मला कुणाच्या गळ्यात पडायचं नाही आणि माझ्या मनाने जगायचं आहे. जिना मात्र जड जातो, आठवड्यातून दोनदाच खाली उतरते. काय करू?
– एक निवृत्त शिक्षिका, डोंबिवली

उत्तर : बाई, (शाळेत हयात घालवलेल्या माणसाला काकू-मावशी म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून बाईच म्हणते.)

तुमच्या मुलांना बाथरूम दिसली. मला तुमच्या पत्रातलं ‘आठवड्यातून दोनदाच खाली उतरते’ हे जास्त खुपलं. बाथरूम एका दिवसात दुरुस्त होते. जिन्यामुळे मात्र भाजी, बँक, देऊळ, मैत्रिणी, संध्याकाळची फेरी असं एकेक गळत जातं, चालणं कमी झालं की पायांतली ताकद जाते, आणि मग माणूस सपाट जमिनीवरही पडतं. तेव्हा फ्लॅट विकण्याचा, बाणेरला जाण्याचा किंवा डिपॉझिट भरण्याचा निर्णय सध्या बाजूला ठेवू. त्याआधीची कामं बरीच आहेत.

का पडलात, हे आधी शोधायला हवं. फरशी ओली होती एवढ्यावर सोडू नका. रक्तदाबाची गोळी घेत असाल तर झोपून, मग उभं राहून दाब मोजायला सांगा. उठल्याबरोबर तो घसरत असेल तर गोळीची वेळ किंवा मात्रा बदलावी लागते. मोतीबिंदू, बी-१२, हाडांची घनता हेही एकदा तपासून घ्या. झोपेची गोळी असेल तर डॉक्टरांना ते आवर्जून सांगा. बरेच जण सांगत नाहीत, कारण ती ‘कधीतरीच’ घेतलेली असते.

मग प्लंबरला बोलवा. कमोडशेजारी आणि अंघोळीच्या जागी भिंतीत स्क्रूने पक्के बसवलेले स्टीलचे दांडे लावून घ्या. रबरी वाटीने चिकटणारे दांडे ऑनलाइन स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. ओल्या टाइलवर ते नेमके हवे त्या क्षणी सुटतात. कमोड बुटका असेल तर वरून बसवायची उंच सीट औषधांच्या मोठ्या दुकानात मिळते. बसून अंघोळीला स्टूल, पलंगापासून संडासापर्यंत रात्रभर जळणारा छोटा दिवा, आणि बाहेरूनही उघडता येईल अशी कडी. पायपुसणी काढून टाका, विशेषतः ती क्रोशाची. एक किल्ली शेजारी ठेवा. फोन गळ्यात अडकवून ठेवायची लाज वाटू देऊ नका, शाळेत शिट्टी अडकवतच होतात. आयुष्मान भारत योजनेचं वयवंदना कार्डही काढून घ्या. २०२४ पासून ७० वर्षांवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असलं तरी, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण मिळतं. ते योजनेतल्या रुग्णालयात भरती झाल्यावरच्या खर्चासाठी आहे. घरी ठेवलेल्या बाईच्या पगाराला ते लागू नाही, तो हिशोब वेगळा धरावा लागतो.

आता जिना. १९८६ ची इमारत म्हणजे वय तिशीच्या पुढे. सहकारी सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे अशा इमारतीचं दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, व्हायला हवं. सचिवांकडे शेवटचा अहवाल मागा. पुनर्विकासाची बोलणी चालू असतील तर त्याचं वेळापत्रकही विचारा, कारण तुमचे पुढचे दोन-तीन पर्याय त्यावर अवलंबून आहेत. इमारतीचं काम सुरू झालं तर तुम्हाला भाड्याने राहायला जावंच लागेल, आणि परत याल तेव्हा लिफ्ट असेल. काहीच हालत नसेल तर बाहेरच्या बाजूने लिफ्ट बसवता येते का, हा विषय सर्वसाधारण सभेत मांडा. जागा हवी, महापालिकेची मंजुरी हवी, आणि तळमजल्यावरच्या सभासदांनी पैशांना हो म्हणायला हवं. ही तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, तुम्हाला सांगायला नकोच.

माझ्या मते तुमच्यासाठी सध्या सगळ्यात शहाणपणाचा उपाय साधा आहे, आणि म्हणूनच तो कुणी सुचवलेला नाही. तिसऱ्या मजल्यावरचं घर भाड्याने द्या आणि चार गल्ल्यांच्या आत, लिफ्टच्या इमारतीत, एक बेडरूमचं घर भाड्याने घ्या. डॉक्टर तेच, भाजीवाला तोच, पोळ्या लाटायला येणारी बाईही कदाचित तीच. काही विकलं नाही, कुणाच्या नावावर काही केलं नाही, नाही पटलं तर परत फिरता येतं. मिळणारं भाडं आणि द्यायचं भाडं यातला फरक पेन्शनीतून भागेल एवढाच असेल. लिफ्ट नसलेल्या घराचं भाडं कमी येतं आणि लिफ्टवाल्याचं जास्त जातं, पण दोन्ही डोंबिवलीतलीच. स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी तुमच्याकडून बिनवापर शुल्क घेईल. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, हे लक्षात असू द्या. दोन्हीकडचे भाडेकरार नोंदणीकृत करा, महाराष्ट्रात ते बंधनकारक आहे आणि हल्ली एजंट मशीन घेऊन घरी येतो, अंगठा तिथेच उमटवता येतो. नवीन घरासाठी अकरा महिन्यांवर समाधान मानू नका, तीन वर्षांचा करार मागा. एकट्या वयस्कर बाईला घर द्यायला काही मालक कां-कूं करतात. करारात मुलाचं नाव जोडलं की ती बहुतेक थांबते. त्याला तुमचं ‘सगळं बघायचं’ आहे ना, मग सहीपासून सुरुवात करू दे.

हे करताना मदत आतापासूनच लावा, पुन्हा पडायची वाट बघू नका. धुणं-भांडी आणि केर-फरशीला बाई आहेच असं धरते. तिच्या जोडीला आठवड्यातून दोनदा येणारा फिजिओथेरपिस्ट, अडीअडचणीला एक वेळचा डबा, आणि घरी माणसं पुरवणाऱ्या ब्यूरोतून बारा तासांची बाई कशी मिळते, काय घेते, सुट्टीच्या दिवशी बदली देते का, याची चौकशी. आज तिची गरज नाही. पण फ्लूने आठ दिवस पडलात तर त्या तापात ब्यूरो शोधत बसू नये. जिला ठेवाल तिची पोलीस पडताळणी करून घ्या आणि जवळच्या पोलीस ठाण्यात एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांच्या यादीत तुमचं नाव घाला. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक फोनच्या मागे चिकटवून ठेवा. आणि जवळच्या ज्येष्ठ नागरिक संघात जा. तिथे नुसती भजनं असतात असं वाटत असेल तर एकदा जाऊन बघा. कुठल्या ब्यूरोची बाई चांगली, कुठला डॉक्टर घरी येतो, ही माहिती तिथल्या कट्ट्यावर मिळते तेवढी इंटरनेटवर मिळत नाही.

आता मुलीने पाठवलेल्या जागेबद्दल. तिचा हेतू चांगला आहे आणि कल्पनाही वाईट नाही. नणंदबाई जिला वृद्धाश्रम म्हणतात ती गोष्ट वेगळी आहे : २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात किमान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल असं निवासगृह असावं असं म्हटलं आहे, ते ज्यांना कुणी नाही आणि काही नाही त्यांच्यासाठी. ज्येष्ठांची वसाहत म्हणजे स्वतःच्या दाराला स्वतःचं कुलूप असलेलं घर, ज्याच्या जोडीला भोजनगृह, स्वच्छता, आणीबाणीची घंटा आणि शेजारी समवयस्क माणसं मिळतात. पुण्यात ‘अथश्री’ या ज्येष्ठांच्या वसाहतींमुळे ही कल्पना मध्यमवर्गाला दोन दशकांपासून ओळखीची आहे. तुमच्या कर्जत लाइनवर नेरळला डिग्निटी फाउंडेशन या ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या पुढाकारातून उभी राहिलेली वसाहत आहे. मी कुणाची जाहिरात करत नाही. पण नेरळ तुम्हाला लोकलने गाठता येतं, मैत्रिणीला घेऊन एक दिवस बघून या. अशी जागा कशी चालते हे डोळ्यांनी पाहिलं की माहितीपत्रकातले हिरवळीचे फोटो फारसे भुरळ पाडत नाहीत.

माझी हरकत आहे ती पैशांच्या मांडणीला. पेन्शन ४१ हजार, मासिक खर्च ४२ हजार. म्हणजे पहिल्याच महिन्यात हजार रुपये कमी पडतात, आणि त्यात औषधं, फोन, रिक्षा, आहेर काहीच धरलेलं नाही. ‘दरवर्षी वाढ’ या ओळीत किती टक्के लिहिलंय ते बघा. ८ टक्के असेल तर नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होते, तुम्ही ८२ च्या असताना महिन्याला ८४ हजार. तुमचा महागाई भत्ता त्या वेगाने धावेल का? हा हिशोब मुलीला पाठवा. तुम्ही फळ्यावर कितीतरी वेळा सोडवलेलं चक्रवाढ व्याजाचंच गणित आहे.

दुसरा खड्डा डिपॉझिटमध्ये आहे. डिपॉझिट भरल्याने घर तुमचं होत नाही, तुम्हाला राहायचा हक्क मिळतो. राहता फ्लॅट विकून ठरावीक मुदतीत दुसरं घर विकत घेतलं तर भांडवली नफ्यावरच्या आयकरात सवलत मिळते. परतीच्या बोलीवर ठेवलेली रक्कम ही घरखरेदी धरली जाईल असं गृहीत धरू नका. चार्टर्ड अकाउंटंटला विचारल्याशिवाय विक्रीचं टोकनही घेऊ नका. शिवाय तो ३० लाखांचा चेक परत कधी मिळतो? सोडल्यावर तीस दिवसांत, की पुढचा रहिवासी मिळाल्यावर? दरवर्षी त्यातून किती कापतात? तुमच्या पश्चात तो मुलांना मिळतो, की मुलांनी वर्षभर फेऱ्या मारायच्या? यांची उत्तरं व्यवस्थापकाच्या तोंडून नकोत, करारातल्या कलमाचा क्रमांक मागा.

याउलट काही वसाहतींत घर रीतसर विकत मिळतं, खरेदीखत होतं, फक्त राहणाऱ्याला वयाची अट असते. मग मुलं वारस म्हणून मालक होतात, पण त्या अटीत बसत नसली तर स्वतः राहू शकत नाहीत, विकावं किंवा भाड्याने द्यावं लागतं, तेही ज्येष्ठालाच. खरेदीचा विचार कधी केलात तर प्रकल्प महारेराकडे, म्हणजे गृहप्रकल्पांवर नजर ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला आहे का ते बघा. महारेराने मे २०२४ मध्ये ज्येष्ठांसाठीच्या प्रकल्पांचे किमान निकष ठरवून दिले आहेत : दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, चाकाची खुर्ची जाईल असे उतार आणि लिफ्ट, बाथरूममध्ये दांडे आणि न घसरणारी फरशी, अशी यादीच आहे, आणि त्या गोष्टी विक्रीकरारात लिहाव्या लागतात. नुसतं गेटवर ‘सीनियर’ लिहून आत उंबरे ठेवलेले प्रकल्प त्यामुळे ओळखता येतात. टेप घेऊन जा. खरंच मोजा.

आणि तिथे गेल्यावर एक प्रश्न सगळ्यांच्या आधी विचारा : मला स्वतःचं स्वतः करता येईनासं झालं तर मी इथे राहू शकते का? स्वतंत्र राहणाऱ्यांच्या वसाहतींपैकी कितीतरी ठिकाणी याचं उत्तर ‘तुमची बाई तुम्ही ठेवा’ किंवा ‘मग दुसरीकडे हलवावं लागेल’ असं असतं. काहींच्या आवारातच सांभाळ-विभाग असतो, जिथे अंघोळ, कपडे, औषधं याला माणूस मिळतं. त्याचा दर वेगळा आणि बराच जास्त. स्मृतिभ्रंश झालेल्यांना तर अनेक जागा घेतच नाहीत. मोठी रक्कम भरून गेलेल्या माणसाला ८१ व्या वर्षी पुन्हा सामान बांधायला लागलं, तर त्या रकमेने त्याला काय दिलं? मन झालंच तर पाहुण्यांच्या खोलीत पंधरा दिवस पैसे देऊन राहा. शक्यतो पावसाळ्यात. पहिल्या चार दिवसांत सगळं छान वाटतं. दहाव्या दिवशी भाजीची चव, रात्रीची शांतता आणि जेवताना तुमच्या टेबलावर कोण बसतं हे कळायला लागतं.

बाणेरच्या घराबद्दल थोडक्यात. मुलगा-सून सकाळी बाहेर पडणार, नातवंडं शाळेत, आणि तुम्ही अकराव्या-बाराव्या मजल्यावर दिवसभर एकट्या, तेही जिथे ओळखीचं कुणी नाही अशा गावात. एकटेपणाचा पत्ता फक्त बदलेल. पण मुलाच्या जवळ असण्याचं मोल आहेच. म्हणून डोंबिवलीतली व्यवस्था वर्षभर करून बघा, आणि मग पुण्याला जावंसं वाटलं तर त्याच्या घरात न राहता त्याच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर जागा बघा. सुनेशीही स्वतः बोला. तुमच्या पत्रात तिचं मत कुठेच नाही, आणि घरात तिसरं माणूस आलं की सगळ्यात जास्त दिवस तिचे बदलतात.

बक्षीसपत्र करू नका. मुलावर अविश्वास दाखवा असं मी म्हणत नाही. तो प्रामाणिक आहे असं धरूनच सांगते. नोंदणी झाली की घर त्याचं. त्याचं कर्ज, त्याचे घरगुती वाद, त्याचं आजारपण, सगळं त्या घराला लागू होतं. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ सांगतं की सांभाळाच्या अटीवर दिलेली मालमत्ता, सांभाळ न झाल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. या कलमाकडे उदारपणे बघावं असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये म्हटलं. पण ज्या दस्तात अशी अट लिहिलेलीच नाही त्यावरून २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने ज्येष्ठाविरुद्ध निकाल दिला होता. कोर्टाच्या पायऱ्या हाही जिनाच. मुलाला घर द्यायचं असेल तर मृत्युपत्रात द्या, तेवढं पुरेसं आहे.

त्याआधी एक गोष्ट तपासा, जी तुम्ही लिहिलेली नाही : फ्लॅट कुणाच्या नावावर आहे? यजमानांच्या नावावर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने (सासूबाई हयात नसतील तर) तुम्ही, मुलगा आणि मुलगी यांचा सारखा वाटा, म्हणजे एक-तृतीयांश. नामनिर्देशनात तुमचं नाव असलं तरी त्याने मालकी येत नाही, तुम्ही विश्वस्तासारख्या असता. तेव्हा हा फ्लॅट तुम्ही एकट्याने विकू शकत नाही आणि अख्खा बक्षीसही देऊ शकत नाही. कॅनडातल्या मुलीची सही लागतेच. दोघांनी आपला वाटा सोडल्याचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र तुमच्या नावे करून दिलं तर तुमची बाजू भक्कम होते. मुलगी दिवाळीत किंवा नाताळात येणार असेल तर हे काम त्याच भेटीत उरका, आणि सोसायटीच्या भागदाखल्यावर (शेअर सर्टिफिकेटवर) नाव चढवून घ्या. तुम्ही सगळे शहाणे असताना, हसतखेळत, वकिलासमोर हे होतं. नंतर होत नाही.

वर्षभराने मी तुम्हाला काय विचारीन ते आत्ताच सांगून ठेवते, म्हणजे वहीत लिहून ठेवता येईल. गॅस चालू राहिला का? गोळ्या दोनदा घेतल्या गेल्या का, किंवा राहिल्या का? लाइट बिल भरायचं विसरलं का? पुन्हा पडलात का? यातलं काही एकदा झालं तर माणूस आहे, होतं. सारखं व्हायला लागलं तर बारा तासांची बाई, आणि तेही पुरेना तर सांभाळ-विभाग असलेली जागा. ती जागा कुठली, हे नेरळच्या आणि पुण्याच्या फेऱ्यांत तुम्ही स्वतः बघून, भाव विचारून, वहीत क्रमाने लिहून ठेवलेलं असावं. वहीची एक प्रत मुलाकडे, एक मुलीकडे द्या.

भाड्याचं घर बघायला जाल तेव्हा लिफ्टला जनरेटरची जोड आहे का ते विचारा. आणि रस्त्यापासून लिफ्टपर्यंत किती पायऱ्या आहेत त्या मोजा. बऱ्याच इमारतींत लिफ्ट पहिल्या सहा पायऱ्या चढल्यावर सुरू होते.